माळेखालची गाठ

चि. नाथाजीस, कुंडलहून आईचा आशीर्वाद.

पलटणीत बसून दुसऱ्या लग्नाचं लिवताना तुला लाज वाटली न्हाई? तानूला वांझ ठरवणारा तू कोण? पोरगी दर महिन्याला बाहेर बसायची, म्हणून मी बी गप हुते. परवा कळलं, ती खोटंच बसत हुती. पाळी कवाच थांबलीया, पण लोकांनी बोलू नये म्हणून कावळा शिवला म्हणायची.

तशीच मिरजंला डाक्टरीणबाईकडं नेली. बाई म्हणाली, "मावशी, गर्भाशय चांगलं आहे. गळ्यातल्या गाठीतून एक रस रक्तात उतरतो, तो कमी पडला की गाठ फुगते, पाळी बिघडते. मेढ्याकडच्या पुष्कळ बायकांना हे होतं." तानूच्या माळेखाली ती गाठ हायच की, तिच्या मेढ्याच्या माहेरी लई जणींस्नी असती, म्हणून आपुन तिला माहेरची खूण समजलो.

औषिद म्हणून मेंढराच्या गळ्यातल्या गाठीच्या गोळ्या दिल्यात. ही माळकरीण, तोंडाला लावंना. म्हणती, "त्यांनी सांगितलं तरच घीन." आन् खोटं बसल्याचं तुला कळंल, म्हणून हे पत्र धाडू नका म्हणत माझाच हात धरती.

तू तिला तुझ्या हातानं लिव, गोळी घे म्हणून. लग्नाचं लिवलंस तर कागद चुलीत घालीन. जिवाला जप, लेकरा. दसऱ्याच्या आत उत्तर पायजे.

तुझी आई,
राहीबाई