ओल्या चित्रातल्या सरळ रेघेबाबत

१. दोन तारखेला मी एक तैलचित्र, ओले असताना, मागच्या खोलीत टेकवून ठेवले.
२. तीन तारखेला वडिलांनी त्यातली तिरकी रेघ पट्टी लावून सरळ केली.
३. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.
४. येत्या पंधरा तारखेला माझे पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. मी वेल्डिंगचे सांधे तपासते. आमच्या अहवालात 'किरकोळ' चालत नाही.

म्हणून, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (मावशी शेजारच्या खोलीत आहे, पण दार लावले आहे) हे मृत्युपत्र लिहिते.

मावशीकडचे निळे चित्र मावशीचेच राहील. तिने ते उलटे टांगले आहे. तीन वर्षे मी गप्प बसले, कारण उलटेच बरे दिसते.

रंग, ब्रश आणि टर्पेंटाइन आमच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरला. प्रत्येक चित्रापुढे त्याने "ताई, हे नक्की काय आहे?" असे विचारले आणि उत्तरासाठी थांबला. बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या.

गॅलरीवाल्यांना काहीही नाही. त्यांनी माहितीपत्रकात माझ्या चित्रांवर 'खोल दुःखाचा प्रभाव' असल्याचे छापले. दुरुस्ती: प्रभाव दोन आहेत. एक, वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे. दोन, वडील. ते ड्राफ्ट्समन होते. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली रेघ ब्लेडने अशी खरवडायचे की कागदाला पत्ता लागत नसे. मी दहा थर देते आणि सात खरवडते.

राहिले ओले चित्र. तीन तारखेलाच जाब विचारला तेव्हा वडील म्हणाले, "अगं, लेव्हल गेली होती. उद्या कुणी विचारलं, ही कुणाची मुलगी, तर नाव माझंच निघतं ना?"

मी ती रेघ खरवडायला बसले. दोनदा ब्लेड टेकवले, दोनदा उचलले. चित्राचा सगळा भार तीच घेते आहे. काढली तर डावी बाजू कोसळेल. हे त्यांना अजून सांगितलेले नाही.

ते चित्र वडिलांना. वाळायला आठ महिने लागतील. तोवर पुसू नये, काच लावू नये, पट्टी जवळ नेऊ नये.

ठिकाण: मागची खोली. दिनांक: ९ नोव्हेंबर. (सही)

साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई (सही), कोपऱ्यावरचे शिंपी (सही). मावशीला चित्र मिळते, म्हणून तिची सही चालत नाही. ती रुसली आहे.

बाबा, चित्राखाली माझी सही आहे. शेजारी तुमची कराल का? हो की नाही, ते तेरा तारखेपर्यंत कळवा. तोंडी चालेल.