घुम्याच्या पट्ट्या

दि. ३ मार्च

चि. छोटीस अ. उ. आ.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला ‘छोटी’ म्हणायचं हे आता मलाच बरं दिसत नाही. पण ह्यांच्या तोंडी तेच नाव आहे, म्हणून माझ्याही.

पत्राला उशीर झाला, कारण आठवडाभर माझं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात नाही. तुझे दादा तिथे कुत्र्यासाठी खाऊ करतात. हसू नकोस, आधी पुढचं वाच.

कारखाना सुटल्यापासून हे नुसते खिडकीशी बसून असायचे. चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, दोन हातांचं काय करावं ते सुचेना. मागच्या गल्लीत प्राण्यांचा निवारा आहे. तिथल्या पिंजऱ्यांच्या कड्या मोडल्यात असं ऐकलं आणि मीच त्यांना पिटाळलं. तासाभराचं काम, पण हे संध्याकाळी उगवले. आल्या आल्या म्हणाले, की तिथे एका कुत्र्याचा पाय जाणार आहे.

त्याला सगळे घुम्या म्हणतात. भुंकत नाही, कण्हत नाही, कोपऱ्यात भिंतीला चिकटून असतो. पुढच्या पंजाला जखम झालीय आणि ती चिघळत चाललीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, याचं हृदय इतकं कमजोर आहे की भूल द्यायची म्हणजे जिवाशी खेळ. जखम धुवायची ती जागेपणीच. पण हात जवळ नेला की तो चावायला येतो. खाऊ देऊन चुचकारावं, तर विकतच्या खाऊने त्याचं पोट बिघडतं.

म्हणून हे कोंबडीचं बिनहाडाचं मांस आणतात, चरबी काढून टाकतात आणि लांब पट्ट्या कापतात. छोटी, त्या पट्ट्या ते व्हर्नियरने मोजतात. कारखान्यात लोखंडाची जाडी मोजायचे ना, त्याच व्हर्नियरने. मी विचारलं, तर म्हणाले, जाड पट्टी आतून ओली राहते आणि पातळ असली तर कुत्रा एका घासात गिळून मोकळा होतो. त्याला चघळायला वेळ लागला पाहिजे. मीठ नाही, मसाला नाही आणि कांदा-लसूण तर कुत्र्यांना विषच. वास असा सुटतो, की मी माझं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसते.

तुझ्या गुडघ्याचं काय ते सविस्तर लिही. ‘बरा आहे’ एवढ्यावर भागवलंस, तर मीही पुढच्या वेळी दोनच ओळी पाठवीन.

तुझी, घराबाहेर जेवणारी
वहिनी


दि. १२ मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र शाळेत शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारच्या गणिताच्या बाईंना व्हर्नियरचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, असा एक माणूस आमच्या घरी पाठवा, आमच्याकडे पोळीलासुद्धा आकार नसतो.

पण खरं सांगू, मला नवल नाही वाटलं. लहानपणी मी किती अडखळत बोलायचे, ते तू लग्न होऊन आलीस तोवर बरंच कमी झालं होतं. घरातले सगळे माझं वाक्य घाईने पुरं करून टाकायचे. करायचे मायेनेच, पण मग मला बोलावंसंच वाटेना. दादा तेवढा तसं करत नसे. कामावरून यायचा, हात धुवायचा आणि माझ्यासमोर बसायचा. माझा शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडेपर्यंत थांबायचा. ताटातलं गार होऊन जायचं. आज चाळीस मुलांपुढे मी दिवसभर बोलते ते त्याच्या त्या बसण्यामुळे. पिंजऱ्यापुढे बसायला निवाऱ्याला दादाहून चांगला माणूस मिळायचा नाही.

मांस नीट शिजतंय ना, तेवढं मात्र बघ. दादाला यंत्रं कळतात, चूल नाही.

गुडघा बरा आहे. जिने टाळते, बाकी सगळं करते. झालं ना सविस्तर? तुझी माया पत्रागणिक वाढती असू दे.

छोटी


दि. २१ मार्च

चि. छोटीस अ. उ. आ.

तुझं पत्र दोन दिवस आधी यायला हवं होतं.

ह्यांनी मांस कच्चंच मंद आचेवर सुकवलं होतं आणि गरम असतानाच बरणीत भरून झाकण लावलं. आत वाफ धरली. वरच्या पट्ट्या छान दिसत होत्या. त्यातल्या दोन घुम्याने खाल्ल्या. यांच्यापासून हातभर लांब टाकलेल्या, पण खाल्ल्या, म्हणून हे खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. बरणीच्या तळाशी पाहिलं, तर बुरशी.

कुणी विचारलंही नव्हतं. हे आपणहून बरणी घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे उभे राहिले आणि चूक माझी म्हणाले. निवारा चालवणाऱ्या बाई बोलल्या, की तूर्त खायला काही आणू नका. त्या काही वावगं बोलल्या नाहीत, पण घरी आल्यावर ह्यांनी व्हर्नियर पुसून डबीत ठेवून दिलं. मला भीती वाटली, की आता पुन्हा खिडकी.

चौथ्या दिवशी कुत्रा उठला. पाचव्या दिवशी हे वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि शाळेतल्या मुलासारखं सगळं उतरवून आणलं. आधी वाफेवर पूर्ण शिजवायचं. मग ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवून सुकवायचं, म्हणजे ओल बाहेर पडते. संपूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही. वर तारीख घालायची आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. आणि हा खाऊ आहे, जेवण नव्हे, तेव्हा दिवसाला मोजकाच.

पहिल्या घाण्यातली एक पट्टी ह्यांनी स्वतः खाल्ली. म्हणाले, चव काहीच नाही, पण पोटाला काही झालं नाही तर उद्या नेईन. आता ह्या माणसाला काय म्हणायचं, ते तूच सांग.

काळजीत असलेली
वहिनी


दि. ९ एप्रिल

चि. छोटीस अ. उ. आ.

तू ह्यांना वेगळं पत्र पाठवलंस ते पोचलं. दोनदा वाचलं आणि घडी करून वहीत ठेवलं. काय लिहिलंस ते मी विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हे तासभर जास्त बसू लागले.

बसायचे पिंजऱ्यात जमिनीवर, कुत्र्याकडे पाठ करून. हात मागे, तळव्यावर एक पट्टी. कुत्र्याकडे बघायचं नाही, बोलवायचं नाही. अकरा दिवस. अकराव्या दिवशी त्याने हातातून घेतली.

परवा जखम धुतली. मी जाळीबाहेर उभी होते. पट्टीचं एक टोक ह्यांच्या चिमटीत, दुसरं घुम्याच्या दाढेखाली. डॉक्टरीणबाई बाजूने सरकल्या आणि पंजा धरला. तो थरथरला, त्याने दात दाखवले. ह्यांनी पट्टी सोडली नाही आणि ओढलीही नाही. तो पुन्हा चघळू लागला. चार पट्ट्या संपेपर्यंत जखम धुऊन, औषध भरून, बांधून झाली. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, की पट्टी तुमच्या ह्यांच्या चिमटीत होती, म्हणूनच मला पंजा धरता आला.

इतकी वर्षं ह्या माणसाला डबा दिला, छोटी, पण त्यांना काम करताना मी परवा पहिल्यांदा पाहिलं. बाकी खुशाल. तुझ्या दादांचं कौतुक पुरे झालं, आता आपलंही थोडं लिही.

वहिनी


दि. २ मे

चि. छोटीस आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मुद्द्याचं लिहितो.

पंजा वाचला. एक नख गेलं. लंगडतो, पण चालतो. निवाऱ्याच्या बाईंनी घरी नेता का विचारलं. घरी विचारून सांगतो म्हणालो. घरी आलो, तर हिने जुनी चादर घडी करून टेबलाखाली घातलेली होती.

त्याला येऊन दहा दिवस झाले. माझ्या हातून खातो. हिच्याजवळ जात नव्हता. ही खोलीत आली की टेबलाखाली शिरायचा. हिला ते लागलं होतं.

आज दुपारी मी बाहेरून आलो, तर ही जमिनीवर त्याच्याकडे पाठ करून बसलेली. हात मागे, हातात पट्टी. मी दारातच थांबलो. बराच वेळ गेला. मग तो बाहेर आला, पट्टी घेतली आणि तिथेच बसून खाल्ली. आता परत आत जाईल असं मला वाटलं. गेला नाही. हिच्या पाठीला पाठ टेकून आडवा झाला आणि झोपला.

आज तुला पत्र लिहायचं हिच्या मनात होतं, पण ही उठायला तयार नाही. उशी देऊ का विचारलं, तर हातानेच गप्प बसा म्हणाली. म्हणून मी लिहिलं.

हिच्या पायाला मुंग्या आल्यात, तसं तोंडावरून दिसतंय. पण हसते आहे.

दादा