नारळ कोर्टात चालत नाही

आबा, तुझ्या धाकट्याला पोलिसांनी अटक केली आहे आणि ती तुझ्यामुळे झाली आहे. हे आधीच सांगून टाकते. इकडचंतिकडचं बोलून मग मुद्द्यावर येणं मला तेव्हाही जमत नव्हतं आणि आता साठी उलटल्यावर शिकायची इच्छा नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की गावातल्या नव्या सुनांनी तुला फक्त फोटोत पाहिलं आहे. पण देवीच्या देवळापुढचा तो ओटा अजून आहे, त्यावर आता गुळगुळीत फरशी बसवली आहे, आणि किनाऱ्यावर कुणाचं काही बिनसलं की लोक अजून म्हणतात, पाटील असते तर नारळावर मिटवलं असतं. हे ऐकलं की मला बरं वाटायचं. आता तळपायाची आग मस्तकात जाते.

घडलं ते असं. धाकटा कुंभवलीच्या पलीकडे एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. तू होतास तेव्हा तिथे हेल्पर होता, पुढे एकेक करत वर चढला. त्या दिवशी एक टाकी आतून साफ करायची होती आणि टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला होता. टाकीपाशी उभ्या कामगारांनी मला नंतर सांगितलं, याने मॅनेजरला फोन केला आणि ब्लोअर दुरुस्त होईपर्यंत माणूस आत घालणार नाही, असं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, दुपारी लाइन सुरू झाली पाहिजे, झाकण थोडा वेळ उघडं ठेवा आणि उतरवा. ठेकेदाराकडचा एक माणूस उतरला. जव्हारकडचा, डोंगरातला, भाताची कापणी उरकून बोईसरला कामाला आलेला. घरी बायको आणि लहान मुलगी. तो आत कोसळला आणि वर काढेपर्यंत संपला होता. मग मॅनेजरने वकिलाला फोन लावला. ठेकेदार दिसेनासा झाला. आणि तुझा मुलगा, अंगावरच्या त्याच कपड्यांनी, चालत पोलीस ठाण्यात गेला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, चूक माझी हाय. ब्लोअर बंद हाय ते मला माहीत होतं."

कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी त्याला मारलं नाही, दम दिला नाही. गरजच पडली नाही. हवालदाराने त्याला चहा पाजला आणि म्हणाला म्हणे, असा सरळ माणूस या नोकरीत पहिल्यांदा बघतोय. मग त्या सरळ माणसाला आत बसवून मला फोन केला. मॅनेजरकडे पोलीस गेले तेव्हा त्याने एकच वाक्य सांगितलं, "हमारे वकील साहब से बात कीजिए." आणि त्याच दिवशी अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकला.

आता तू विचारशील, यात माझा काय संबंध. सांगते. आम्ही लहान होतो तेव्हा रविवारी तू ओट्यावर बसायचास आणि ज्याच्या हातून काही चुकलं असेल तो पुढे यायचा. जाळं कापलेलं असो, दारू पिऊन कुणाच्या दारात शिव्या दिलेल्या असोत. त्याने ओट्यावर हात ठेवायचा आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. फक्त आपली. दुसऱ्याचं नाव घेतलं की तू म्हणायचास, "वाटेकरी शोधतोस काय?" सांगून झालं की त्याने नारळ फोडायचा, गावाला खोबरं वाटायचं, आणि त्यानंतर तो विषय कुणी काढायचा नाही. धाकटा आठ-नऊ वर्षांचा असताना त्याने पोरांच्या नादाने एका होडीचा दोर सोडला आणि होडी खडकावर आपटली. मी स्वयंपाकघरात आईजवळ बोंबील निवडत होते. तशीच उठले आणि तुझ्यापुढे त्याची बाजू मांडायला लागले, की मोठ्या पोरांनी त्याला भरीला घातलं, त्याला समज नाही. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. आईला म्हणालास, "तिला सांग, वकिली नको. ज्याला दुसऱ्याचं तोंड लागतं त्याचं आधीच चुकलेलं असतं." आणि धाकट्याला हाताला धरून ओट्यावर नेलंस. नारळ त्याच्या हातात मावत नव्हता. तुझं ते वाक्य त्याने जन्मभर जपलं. गावात सगळे तुला तुमी म्हणायचे, आम्ही घरात तू म्हणायचो, पण तुझा शब्द आम्हीच जास्त मानला, त्याने तर फारच.

मी पालघरला जाऊन वकील गाठली. कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर बसते. माझ्या निम्म्या वयाची, बोलताना तोंडात शेंगदाणे टाकते, आणि कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. मला आवडली.

"भावाला एवढी घाई काय होती?" तिने विचारलं.

"आमच्या गावात तशी रीत आहे."

"रीतीला कलम नाही, ताई. आणि तुमच्या भावाने स्वतःसाठी जे कलम निवडलंय ते चांगलं जड आहे."

मग तिने समजावलं. मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर नोकरी काढली आहे, तेव्हा कायद्याची भाषा मला नवी नाही, तरी ऐकता ऐकता पाणी प्यावंसं वाटलं. निष्काळजीपणाने माणूस मेला असं धरलं, तर जामीन हक्काने मिळतो. पण मरू शकतो हे माहीत असताना त्याला आत पाठवला असं धरलं, तर तो सदोष मनुष्यवध. तिथे जामीन कोर्टाच्या मर्जीवर आणि शिक्षा कितीतरी मोठी. "आणि ‘माहीत होतं’ हे पोलिसांना कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "मॅनेजरने? नाही. ते तुमच्या भावाने आयतं ताटात वाढलं."

"पण तो खरं बोलला," मी म्हटलं. बघ, मी तरी काय करणार, तुझीच मुलगी.

"अर्धं खरं बोलला. मॅनेजरच्या फोनबद्दल एक अक्षर नाही. का नाही?"

का ते मला माहीत होतं. वाटेकरी शोधायचा नाही म्हणून.

ती म्हणाली, पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, एवढी अक्कल कायदा करणाऱ्यांना होती. पण मॅजिस्ट्रेटसमोर हेच बोलून बसला तर मग अवघड आहे. गुन्हा दाखल होणं वेगळं, आरोपपत्र येणं वेगळं, कोर्टाने आरोप ठेवणं वेगळं आणि दोषी ठरणं त्याहून वेगळं. प्रत्येक ठिकाणी बोलायला जागा असते. जामीन मागता येतो, हे कलम लागतच नाही म्हणून भांडता येतं, फोनची नोंद मागवता येते, टाकीपाशी उभे असलेल्या कामगारांना साक्षीला आणता येतं. ऐपत नसेल तर विधी सेवेतून फुकट वकील मिळतो. "तुमचा भाऊ या सगळ्या जागा टाकून थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसलाय. उद्या त्याला कोर्टापुढे आणतील. त्याला सांगा, गप्प राहायचं. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला दोन पोलिसांमध्ये बसलेला पाहिला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. वकीलबाईने वकीलपत्र पुढे केलं तर याने हात मागे घेतले.

"बाय, वकील नको. लोक काय म्हणतील, केलं म्हणून वकील लावला. आबाचं नाव जाईल."

"आबाचं नाव जाऊ दे खड्ड्यात," मी म्हटलं. शेजारचा हवालदार दचकला. "तुझ्या पोरीचं बारावीचं वर्ष आहे. तू आत बसशील आणि तो मॅनेजर सुट्टीत गोव्याला जाईल. सही कर."

"माणूस माझ्या पाळीवर मेला, बाय."

"मेला. आणि उतरवा म्हणून कोण म्हणालं?"

त्याने वकीलपत्र हातात घेतलं. मग म्हणाला, "तुझ्यासाठी करतो सही. पण साहेबांनी विचारलं तर मी खोटं नाय बोलणार."

वकीलबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या वडिलांनी पोरगं फार पक्कं घडवलंय." मला ते कौतुक वाटलं नाही आणि तिनेही तसं म्हटलं नव्हतं.

नाव पुकारायला वेळ होता. मी बाकावर बसून तुझ्यावर चरफडत होते, आणि चरफडता चरफडता मला तो दिवस आठवला, तो तांडेल परत आला होता तो दिवस. मी तुझा डबा घेऊन ओट्यापाशी उभी आहे. वारा सुटलेला असताना बोट समुद्रात गेली होती आणि एक खलाशी लाटेबरोबर गेला होता. बोट हाकणारा तो तांडेल भिजलेल्या कपड्यांनी येतो, ओट्यावर डोकं टेकतो आणि म्हणतो, "पाटील, चूक माजी हाय." मी वाट बघते आहे की आता तू नारळ मागशील. तू मागत नाहीस. तू म्हणतोस, "बस खाली." तो पुन्हा तोंड उघडतो. "बस खाली म्हटलं. पाणी पी. बोटीचा नाखवा कुठाय? वाऱ्यात बोट कोणी धाडली? तो येईस्तोवर एक शब्द बोलायचा नाय." नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, शिरगावला पाहुण्याकडे गेलेला होता. त्याला आणेपर्यंत सगळा गाव तिथे बसून राहिला, आणि तांडेलाने काही बोलायला तोंड उघडलं की तू हात वर करायचास.

म्हणजे तुला माहीत होतं, आबा. एकट्या माणसाची कबुली घ्यायची नसते, बोट कोणी धाडली हे आधी विचारायचं असतं, आणि घाबरलेल्या माणसाला आधी गप्प बसवायचं असतं. त्या वकीलबाईने मला जे शिकवलं ते तू बिनकायद्याचा करत होतास. मग आम्हाला त्यातलं अर्धंच का दिलंस? त्याच्या हातात नारळ दिलास आणि जगात प्रत्येक ठिकाणी ओट्यावर तूच बसलेला असणार असं त्याला वाटू दिलंस. ठाण्यात हात जोडले तेव्हा त्याला वाटलं असेल, कुणीतरी म्हणेल, बस खाली, मॅनेजर कुठाय. कुणी म्हणालं नाही. ते त्यांचं कामच नाही. मला तुझा राग आला तो इथे. आंधळा असतास तर सोडून दिलं असतं. तू डोळस होतास आणि घरी येताना डोळे ओट्यावर ठेवून यायचास.

नाव पुकारलं. मी मागच्या बाकावर. मॅजिस्ट्रेटबाईंनी कागद चाळले आणि त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. एवढंच विचारलं. याचे हात जोडले गेले. "तक्रार नाय, मॅडम. उलट मलाच सांगायचंय, त्या दिवशी…"

"बस खाली," मी म्हणाले.

म्हणाले म्हणजे ओरडले. सगळं कोर्ट मागे वळलं. आणि धाकटा, अरे, तो खरंच बसायला जागा शोधायला लागला. पिंजऱ्यात बाक नव्हता, तरी गुडघे वाकले होते त्याचे. कोर्टाचा शिपाई माझ्याकडे धावत आला, "ओ बाई, बाहेर व्हा." मॅजिस्ट्रेटबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. वकीलबाईने घाईने माफी मागितली, आरोपीची बहीण आहे, वय झालंय, असं काहीतरी म्हणाली. वय झालंय हे मी तिला नंतर ऐकवलं. मी बाहेर गेले, पण जाताना पाहिलं, तो गप्प होता. ओठ मिटलेले, लहानपणी तुझ्यापुढे असायचे तसे. मग वकीलबाई बोलली, मॅनेजरच्या फोनबद्दल, ब्लोअरबद्दल, आणि ते पहिल्यांदा कोर्टाच्या कानावर गेलं.

त्याला न्यायालयीन कोठडी मिळाली. जामिनाचा अर्ज वरच्या कोर्टात आहे. फोनची नोंद मागवली आहे आणि टाकीपाशी असलेला एक कामगार बोलायला तयार झाला आहे. वकीलबाई म्हणते, कलम उतरेल असं वाटतं, पण मी शब्द देत नाही. मला शब्द नकोच आहे. शब्दावर विसंबून काय होतं ते बघतेच आहे.

भेटायला गेले तेव्हा त्याने स्वतःचं काही विचारलं नाही. जाळीपलीकडून म्हणाला, "बाय, त्या मेलेल्या माणसाच्या घरी कोण गेलं काय?" तुझ्या रीतीत ते होतं, नारळ फोडल्यावर त्या घरी जाऊन उंबऱ्याशी बसायचं, ती लोकं पाणी देतील तोवर. तांडेलही गेला होता आणि नाखवाही, तू दोघांना पुढे घालून नेलं होतंस. मी त्याला सांगितलं, वकीलबाई म्हणते की आत्ता आपल्यापैकी कुणी तिकडे फिरकायचं नाही, साक्षीदारांवर दबाव आणला असं म्हणतील, जामीन जाईल. तो म्हणाला, "मग बरोबर असंल." आणि मान खाली घातली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. त्या माणसाच्या बायकोला मी ठाण्याच्या बाहेर पाहिलं होतं, झाडाखाली, मुलगी मांडीवर. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने गेले. तेव्हा मला वकील भेटली नव्हती. नंतर तिने जाऊ नका म्हटलं आणि आबा, मला हायसं वाटलं.