मला सॅन डिएगोलाच पाठवा

३ जानेवारी
आज पिट्सबर्गला, म्हणजे माझ्या टीमला, कळवून टाकलं. मला दुसऱ्या टीमला द्या, आणि सॅन डिएगोलाच द्या. तोवर बास्केटबॉल कोर्टवर उतरणार नाही. म्हणजे मी नाही कळवलं, माझा एजंट लेनी एका पत्रकाराच्या कानात बोलला. असंच करतात, स्वतः बोललं तर दंड. इतकी वर्षं या टीमचा स्टार आहे मी. आठवडाभरात नाक घासत येतील.

४ जानेवारी, सकाळ
बाबांचा फोन. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी तोरा कायम. रात्री मॅच लावली तर तू कुठेच नाहीस, म्हणाले. मी समजावलं, बाबा, हे डावपेच असतात. तर म्हणे, डावपेच टीव्हीवर दिसत नाहीत लेका. डॉक्टरांच्या मते फार तर हा हिवाळा. म्हणून तर घाई करतोय. सॅन डिएगोच्या जर्सीत बघतील मला.

९ जानेवारी
सॅन डिएगोचा फोन नाही. मुद्दाम भाव खातायत.
बाबांकडे जाणार होतो, घर जवळच आहे. पण बोलणी कधीही सुरू होतील, माणसाने मोकळं असावं. उद्या नक्की.

१७ जानेवारी
माझ्या जागी ओडेल नावाचा नवखा खेळतोय. काल तीस पॉइंट केले. नशीब, दुसरं काय. कोचचा मेसेज आला, तू निवांत आराम कर. टोमणा नसावा. गुडघ्याला आराम हवाच होता.
बाबांकडे जाणं राहिलं.

२२ जानेवारी
लीगने नवा नियम काढला. हट्टाने टीम बदलून मागणाऱ्याला शहर निवडता येणार नाही, खेळायला नकार दिला तर पगार कापणार. पेपरवाल्यांनी त्याला माझंच नाव दिलंय, 'रॉलिन्स नियम'. बायको रेनी म्हणाली, अभिनंदन, आता पोरांना धाक दाखवायला तुझं नाव घेतील. तिला यातलं काही कळत नाही. ज्याची भीती वाटते त्याच्यासाठीच नियम करतात.

३० जानेवारी
बाबांचा आवाज खोल गेलाय. एकच विचारतात, आज खेळतोयस ना?
लेनीला सांगितलं, मोठ्या मनाने मागणी मागे घेतो, बाबांसाठी एक तरी मॅच खेळू द्या. टीमने नाही म्हटलं. मला काही दुखापत झाली तर सौदा फिसकटेल म्हणे. म्हणजे मला अजून किंमत आहे.

५ फेब्रुवारी, दुपार
सौदा झाला. ओमाहाच्या टीमशी. खेळाडूंच्या अदलाबदलीत दोन्हीकडच्या पगारांचा मेळ बसावा लागतो, तेवढ्यासाठी मला त्यात घातलं. तासाभरात ओमाहाने मला मोकळंही केलं. यायची तसदी घेऊ नका, म्हणाले. आणखी कोणी विचारलं का? लेनी म्हणाला, बघतो. आता फोन उचलत नाही.

संध्याकाळ
बाबांकडे गेलो. टीव्हीवर पिट्सबर्गची मॅच लागली होती. शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला. त्यांना आता नीट दिसत नाही, मला नर्स समजले असावेत. ओडेलने लांबून बास्केट टाकली. बाबांनी टीव्हीकडे बोट केलं. केवढे खूश झाले! म्हणाले, बघितलंत का, माझा पोरगा आला परत.
मी म्हटलं, हो. छान खेळतोय.