केडगावच्या स्थळासाठी कागदी बोट

२ फेब्रुवारी, रविवार
केडगावला मुलगी बघून आलो. नाव अपेक्षा. पतसंस्थेत नोकरी. मी मोजकं पण प्रभावी बोललो. पोहे झाल्यावर तिने माझा बायोडाटा हातात घेतला आणि विचारलं, "छंद मॉडेल मेकिंग लिहिलंय. काय बनवता?"
बायोडाटा मी वाचलेला नव्हता. मित्राने, दत्ताने, शिरूरच्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप केला होता. समोरच्या कॅलेंडरवर समुद्राचं चित्र होतं. म्हणालो, बोटी. कागदाच्या.
तिचे मामा सोपानराव म्हणाले, घर बघायला येऊ तेव्हा बोट पण बघू. तेवीस तारीख ठरली.
मुलगी इम्प्रेस आहे. आता फक्त बोट करायची.

३ फेब्रुवारी
दत्ताला झापलं. त्याचं म्हणणं, आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाइलवर माझं नाव टाकलं, छंद बदलायचा राहिला. वर म्हणतो, त्या गिऱ्हाइकाचं लग्न जमलं.
नेटवर फुकट किट सापडलं. मासेमारीची बोट. भाग प्रिंट करायचे, कापायचे, घड्या घालून चिकटवायचे. मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीला आहे. केसाइतका फरक दिसला तरी पार्ट रिजेक्ट करतो. कागद म्हणजे किरकोळ. येत्या रविवारी बोट रेडी.

९ फेब्रुवारी, रविवार
बोट रेडी नाही. दत्ताने साध्या कागदावर प्रिंट काढली. सांगाडा उभा केला की बसतो. आता जाड कार्डशीट आणलं आहे. चूक मटेरियलची होती, हे कळलं म्हणजे अर्धं काम झालंच.

१२ फेब्रुवारी
सेकंड शिफ्ट. सकाळी कापायला बसलो. आईने विचारलं, हे काय चाललंय. मी म्हणालो, लग्नाचं काम. ती कात्री मागून घेऊन गेली, गोण्यांची तोंडं कापायला. मग मीही उठलो.
तसं बघितलं तर चार वर्षांत पुष्कळ स्थळं झाली. कोणी पुण्यात फ्लॅट आहे का विचारलं, कोणी परमनंट आहे का. ते सगळं वडीलधाऱ्यांना विचारायचे. मला स्वतःला काही विचारणारी ही पहिलीच. तिच्यासमोर बोट पाहिजेच. उद्या पहाटे उठणार.

१३ फेब्रुवारी
उठलो नाही. थंडी होती.

१५ फेब्रुवारी
डावी बाजू उजवीकडे चिकटली. गम चांगला आहे, निघत नाही. बोट किंचित वळल्यासारखी दिसते. पाण्यात बोटी वळतातच.

१९ फेब्रुवारी
शिवजयंतीची सुट्टी. सबंध दिवस बोटीला द्यायचा ठरवला होता. मिरवणुकीत गेलो.

२१ फेब्रुवारी
केबिन बनवली. बोटीवर बसेना. दत्ताने ते पान मोठं प्रिंट केलंय. केबिन रद्द. डोलकाठी पण रद्द. उघडी बोट जास्त क्लासिक वाटते.

२२ फेब्रुवारी
बोट पूर्ण. शोकेसमध्ये ठेवली. टीव्हीच्या रिमोटचा टेकू दिला आहे, काढला की आडवी होते. समुद्रात लाटांचा आधार असतो, शोकेसमध्ये नसतो. बाकी प्रिसिजन आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
अपेक्षा, सोपानराव आणि तिची आत्या बानूबाई आले. घर बघितलं, विहीर बघितली, गोठा बघितला. मी बोटीचा विषय योग्य क्षणी काढणार होतो. तेवढ्यात बातम्या लावायला आईने रिमोट काढला. बोट पडली. आईने ती उचलून टीपॉयवर ठेवली.
सोपानराव भाजलेल्या शेंगा खात होते. बोलता बोलता टरफलं बोटीत टाकायला लागले. पाहुण्यांना नको कसं म्हणणार. पण निम्मी भरल्यावर बोट चक्क सरळ उभी राहिली. म्हणजे माझं डिझाइन बरोबर होतं, वजन कमी पडत होतं.
अपेक्षाने हळूच विचारलं, हीच का ती बोट. मी म्हणालो, छे, चांगली बोट पुण्याला प्रदर्शनाला गेलीय. तिने विचारलं, कधी येणार. म्हणालो, सोमवारी.
तिने मान हलवली आणि स्वतःच्या हातातली टरफलं बोटीत टाकली. तिला संशय आला नाही. प्रसंगावधान.

२५ फेब्रुवारी
अपेक्षाचा फोन. त्यांचा होकार आहे.
पुण्याच्या बोटीबद्दल सविस्तर सांगायला मी सुरुवात केली. ती म्हणाली, "राहू द्या. खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात. केडगावला पण झाले होते. मी मामांना तवाच म्हणलं, या माणसापासून काही धोका न्हाई."
फोन ठेवून आरशात बघितलं. कान नॉर्मल होते. आईला विचारलं, कानाचं तिला कोणी सांगितलं.
आई भाकरी थापत होती. म्हणाली, "सांगाय कशाला पायजे? समद्या गावाला ठावं हाय."