फ्रीजरमधलं समुद्रशेवाळ

प्रिय ताई,

काल तुझी विद्यार्थिनी मंजिरी टेंभुर्णीला आल्ती, तुझी प्रयोगाची वही न्यायला. तुला सांगायचं राहिलं ते मी तिला सांगितलं. म्हणून आज तुला लिहायला बसलो.

उपचारासाठी तू कोकणातलं कॉलेज सोडून घरी आलीस, तेव्हा सामानात समुद्राच्या पाण्याचा कॅन होता आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं शेवाळ. पावसाळ्यात खडकांवर उगवणारं, जांभळट, कांद्याच्या सालीसारखं पातळ. आई म्हणाली, "हे काय आणलंस माय?"

"जिवंत हाय ते. वर्षभर झोपवून ठेवायचंय," तू म्हणालीस.

पंख्याखाली चाळणीवर पसरून तू ते वाळवायचीस, सारखं वजन करायचीस. अंगात ताकद नव्हती, तरी बसून राहायचीस. ओलं गोठवलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात, पार वाळवलं तरी मरतं, असं मला समजावलंस. थोडा ओलावा राहिला की लगेच पिशव्या बंद करून माझ्या दुकानातल्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवल्यास.

"ह्या बाहेर काढू नको बरं का, बापू. एकदा वितळलं की परत गोठवून चालत न्हाई."

"बिलकुल न्हाई काढत," मी म्हणालो.

आणि काढल्या, ताई. अंगारकीला राजूरच्या गणपतीला कुल्फीचा स्टॉल लावायचा होता, फ्रीजरमध्ये जागा पुरेना. तू दवाखान्यात होतीस. दोन दिवस पिशव्या साध्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि तू यायच्या आत परत गोठवल्या. काय होतंय एवढ्यानं, असं वाटलं मला.

महिन्याभरानं, जगतंय का ते बघायला, तू एका पिशवीतलं शेवाळ समुद्राच्या पाण्यात सोडलंस. पाणी गुलाबी झालं, शेवाळ लिबलिबीत. रंग सुटला म्हणजे मेलं, हे तूच सांगितलंस. मग बाकीच्या उघडल्यास, सगळ्या पिशव्यांचं तेच.

"वाळवण्यातच चुकलं माझं," तू म्हणालीस. मी दारात उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी म्हणालो, "चहा ठेवू का?"

का न्हाई बोललो? तू रागावशील म्हणून? तू तर कधी रागावलीच नाहीस माझ्यावर. त्या रात्री वहीत काहीतरी लिहिलंस, त्यानंतर ती उघडली न्हाईस. दिवाळीआधी तू गेलीस.

काल मंजिरीनं शेवटचं पान वाचून दाखवलं. "माझी वाळवण्याची वेळ चुकीची. ही पद्धत सोडून द्यावी." मंग मात्र माझ्यानं राहवलं न्हाई. सगळं सांगितलं.

तिनं वही मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "तेव्हाच बोलला असतात, तर मॅडमनी माझ्याकडून दुसरं शेवाळ मागवलं असतं. खडकांवर होतं अजून. मी पाठवलं असतं."

तुझ्या हातात तेवढे दिवस होते, ताई. ते मी घेतले.

त्या पानावर तुझ्या अक्षराखाली मी लिहिलंय, की पिशव्या दोन दिवस बाहेर होत्या, चूक भावाची आहे. खाली सही केली.

येत्या पावसाळ्यात मी मंजिरीबरोबर समुद्रावर जाणार आहे. तू लिहिलेल्या वेळेनंच शेवाळ वाळवू, गोठवू. ते जगलं तरी आणि न्हाई जगलं तरी, जसं झालं तसंच वहीत लिहीन, हा शब्द देतो.

तुझा धाकटा भाऊ,
बापू