डोकं निखळलेला बालयेशू

लुईसबर्ग, २९ ऑगस्ट १९७१

ती. ब्रीजमावशीस,
डिंप्नाचा शि. सा. न. वि. वि.

लग्न आठ तारखेला, बुधवारी. गेल्या आठवड्यात तुमच्या बेटावरून चार दिवस बोट सुटली नाही, असं टपालवाला म्हणाला. तेव्हापासून रोज आभाळ बघते. आई गेल्यावर तू वाढवलंस. वेदीपर्यंत तूच नेणार. तू आली नाहीस तर लग्न पुढे ढकलीन. फिन्टनला तसं सांगितलंय. तो म्हणाला, मग मावशीशीच लग्न कर.

हवा चांगली राहावी म्हणून आपल्याकडच्या रीतीप्रमाणे आदल्या संध्याकाळी प्रागच्या बालयेशूचा पुतळा बाहेर कुंपणाखाली ठेवणार आहे. पुसताना त्याचं डोकं निखळलं, पण फिन्टनने चिकटवून दिलं. जोड दिसतही नाही.

लोभ बोटीतून घेऊन ये.
तुझी डिंप्ना

इनिशटर्क, २ सप्टेंबर

चि. डिंप्नास अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, आपसूक डोकं तुटलेला बालयेशूच हवेला हमखास पावतो, त्यासाठी लोक तरसतात, आणि तुझ्या फिन्टनने ते चिकटवलं. शहरातला ना तो, त्याला कोण सांगणार. आता मुद्दाम तोडू नकोस. हाताने तोडलेलं चालत नाही. आहे तसाच ठेव. माझाही मी बाहेर ठेवीन. त्याचं डोकं चाळीस वर्षं घट्ट आहे, माझ्यासारखंच.

टोपी निळी घेतली. आपल्याकडे लग्नात हिरवा रंग अपशकुनी.

माया आहेच, ती वाढव.
ब्रीजमावशी

लुईसबर्ग, १२ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न.

सुखरूप पोचलीस ना? मंगळवारी तू बोटीतून उतरलीस तेव्हा समुद्र ताटासारखा सपाट होता, आणि बुधवारी आभाळ फाटलं. चर्चमधून मोटारीपर्यंत जाताना बुटांत पाणी. केकवर काकांचा कोट टाकला. इथे एक, तिथे एक, दोन बालयेशू बाहेर होते, तरी असं कसं? फिन्टन म्हणतो, चूक गोंदाची.

लोभ भिजला तरी असू दे.
डिंप्ना

इनिशटर्क, १६ सप्टेंबर

चि. डिंप्नास व फिन्टनला आशीर्वाद.

त्या बिचाऱ्या गोंदाला बोल लावू नका. माझा बालयेशू मी सोमवारी संध्याकाळीच बाहेर ठेवला होता. मंगळवार मागितला, बुधवार नव्हे. लग्न पावसात होतं, बोट वादळात सुटत नाही. लागोपाठ दोन दिवस ऊन मागायला मला लाज वाटली.

घरी आले तर तो भिंतीखाली आडवा, डोकं वेगळं. वाऱ्याने पाडलं, मी नाही. नावाडी दारापर्यंत सोबत होता, तो साक्षीला आहे. डोकं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलंय. बारशाला पुन्हा यायचंय मला. तोवर फिन्टनला गोंद घेऊन इकडे फिरकू देऊ नकोस.

दोघांवर सारखीच माया करणारी,
ब्रीजमावशी